लांबलचक इंग्रजी शब्द कसा फोडायचा: सुरुवात शेपटीकडून करा

मोठा इंग्रजी शब्द समोर आला की बहुतेक जण डावीकडून वाचायला घेतात, पहिला तुकडा नीट जातो, मध्ये कुठेतरी जीभ अडकते, आणि शेवटचं ते "शन" नाहीतर "टी" कसंबसं उरकून टाकतात. मी इंग्रजी बोलायला शिकवते आणि हे रोज बघते, हुशार माणसंसुद्धा असंच करतात. खरं तर उलट्या बाजूने जायचं असतं. लांब नामाच्या बाबतीत जोर कुठे द्यायचा हे जास्त करून शेवटचा प्रत्यय ठरवतो, म्हणून शेवट आधी बघायचा आणि मग तोंड उघडायचं.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते कारण गोंधळ तिथेच होतो. एकाच शब्दाचे तुकडे दोन वेगवेगळ्या पद्धतीने पडतात, एक आवाजाने आणि एक अर्थाने. आवाजाचा तुकडा म्हणजे सिलॅबल. अर्थाचा तुकडा म्हणजे उपसर्ग, मूळ शब्द, प्रत्यय. हे दोन्ही एकाच जागी पडतील असं धरून चालू नका, बऱ्याचदा पडत नाहीत. आणि "अक्षर" हा शब्द मी इथे मुद्दाम वापरत नाहीये, कारण मराठीत आपण लेटरलाही अक्षर म्हणतो आणि व्याकरणात सिलॅबललाही अक्षरच म्हणतात, मग कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही. म्हणून लेटर आणि सिलॅबल असंच म्हणूया.

नमुन्यादाखल एकच शब्द घेते आणि तो शेवटपर्यंत सोलते: इंटरनॅशनलायझेशन. स्पेलिंगमध्ये २० लेटर आहेत. सॉफ्टवेअरवाले लोक हा शब्द टाइप करायला इतके कंटाळले की त्यांनी पहिला आय आणि शेवटचा एन ठेवून मधल्या १८ लेटरांच्या जागी सरळ १८ हा आकडा टाकला, त्याला आय१८एन म्हणतात. तसंच लोकलायझेशनचं एल१०एन. लिहायला सोय झाली पण बोलायचा प्रश्न तसाच राहिला.

आधी सिलॅबल मोजा

सिलॅबल मोजताना लेटर बघू नका, स्वराचे आवाज ऐका. जितके स्वर तितके सिलॅबल, बस. स्ट्रेंग्थ्स हा शब्द बघा, स्पेलिंगमध्ये ९ लेटर, पण स्वर एकच, "ए", म्हणजे एवढा सगळा व्यंजनांचा ढीग एकाच सिलॅबलमध्ये बसलेला आहे. उलट आयडिया हा शब्द फक्त चार लेटरांचा, आणि सिलॅबल तीन: आय-डि-अ.

हात हनुवटीखाली आडवा धरून शब्द सावकाश म्हणा. स्वर आला की जबडा खाली येतो आणि हनुवटी हाताला टेकते, ते टेकणं मोजायचं. लहान मुलांना हे शिकवतात पण मोठ्यांनाही तितकंच उपयोगी आहे, लाजू नका.

आपल्याकडे मात्र अजून एक चांगलं हत्यार आहे आणि ते कोणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, ते म्हणजे देवनागरी. शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा आणि जिथे व्यंजनानंतर स्वर नाही तिथे हलंत म्हणजे पाय मोडा. मग पाय न मोडलेले जितके उरतात तितके सिलॅबल. इंटरनॅशनलायझेशनचं असं होतं: इन्-टर्-नॅ-श-न-लाय्-झे-शन्. आठ. भरभर बोलताना मधलं "श-न" एकत्र येऊन "नॅश्-न-लाय्" असं होतं आणि सातच ऐकू येतात, तेही चुकीचं नाही.

आपण मराठीतही हेच करतो की, फक्त लक्षात येत नाही. घसरगुंडी लिहिताना घ, स, र, गुं, डी अशी पाच, पण बोलताना घ-सर्-गुं-डी, चारच. म्हणजे लिहिलेला अ गिळायची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

दोन जागी मात्र फसायला होतं. एक म्हणजे एल, एन, एम ही व्यंजनं कधीकधी स्वराशिवायच सिलॅबल होतात, बॉटलमधला शेवटचा ल, बटनमधला न, रिदममधला म. म्हणून "इझम" ने संपणाऱ्या शब्दात इझमचे दोन सिलॅबल धरायचे, स्पेलिंगमध्ये त्या एमच्या आधी स्वर दिसत नसला तरी. दुसरं म्हणजे आपण स्वतःचा एक जास्तीचा स्वर घुसवतो, फिल्मचं फिलम, स्कूलचं इस्कूल. तो घुसला की सिलॅबल वाढतो, आणि सिलॅबल वाढला की ऐकणाऱ्याला शब्दाचा ठेकाच वेगळा लागतो.

दोन स्वरांच्या मधलं व्यंजन कुठल्या बाजूला टाकायचं हा प्रश्न येतोच. साधा नियम असा की शक्यतो ते पुढच्या स्वराला द्यायचं, फक्त अट ही की त्या जोडीने इंग्रजीत एखादा शब्द सुरू होऊ शकला पाहिजे. कंट्रोलमध्ये "ट्र" पुढे जातं कारण ट्रेन, ट्री असे शब्द आहेत, पण "न्ट्र" ने काहीच सुरू होत नाही, म्हणून न मागे राहतो: कन्-ट्रोल्. याच्यापुढचे बारकावे आहेत पण बोलायला शिकायचं असेल तर इतकं भरपूर झालं.

हो, आणि डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात ते उच्चाराचे समजू नका. ते मुख्यतः ओळीच्या शेवटी शब्द मोडायचा झाला तर कुठे मोडावा यासाठी असतात. नॉलेज हा शब्द अमेरिकन पद्धतीत एल पहिल्या तुकड्यात ठेवून मोडतात कारण ते उच्चाराकडे बघतात, आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीत "नो" हे मूळ क्रियापद अख्खं ठेवून एल पुढे ढकलतात कारण ते व्युत्पत्तीकडे बघतात. एकच शब्द, दोन जागी मोडलेला, दोन्ही छापील आणि दोन्ही बरोबर. उच्चारासाठी ठिपके सोडा आणि शेजारी तिरप्या रेघांत किंवा कंसात जो उच्चार लिहिलेला असतो तो बघा.

आता शेपटी

जोराचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून इथे जरा थांबते. मराठी बोलताना आपण शब्दातले सिलॅबल साधारण सारख्याच वजनाने टाकत जातो, एखाद्यावर थोडा भार पडला तरी त्याने शब्द ओळखण्यात फरक पडत नाही. इंग्रजीत पडतो, आणि खूप पडतो. तिथे एका सिलॅबलवर ठासून जोर, तो लांब, मोठ्याने, वरच्या पट्टीत, आणि बाकीचे बारीक होऊन जवळपास अ होतात. ऐकणारा आधी तो जोराचा सिलॅबल पकडतो आणि त्यावरून शब्द शोधतो. माझ्या एका विद्यार्थिनीने फोनवर चार वेळा "डेव्हलपमेंट" म्हटलं, पहिल्या "डे" वर जोर देऊन, स्पेलिंगप्रमाणे सगळं स्वच्छ, तरी पलीकडच्याला कळेना. मी तिला म्हटलं डे विसर, फक्त "व्हे" मोठं म्हण: डि-व्हे-लप्-मन्ट्. पलीकडून लगेच उत्तर आलं.

प्रत्ययांचे तीन गट डोक्यात बसवा. पहिला गट जोर स्वतःच्या एक घर आधी ओढून आणतो. "शन" हा त्यातला सगळ्यात पक्का, स्पेलिंग टीआयओएन असो वा एसआयओएन, जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर: एज्युकेशनमध्ये के, डिसिजनमध्ये सि, इंटरनॅशनलायझेशनमध्ये झे. टेलिव्हिजन अपवाद आहे, तिथे बहुतेक जण पहिल्या टे वर जोर देतात. "इक" सुद्धा याच गटात, इकॉनॉमिकमध्ये नॉ, फोटोग्राफिकमध्ये ग्रॅ, पण इथे अपवाद जरा जास्त आहेत, पॉलिटिक्स आणि कॅथलिक हे दोन रोजचे. "इटी" आला की इटीच्या आधीच्या सिलॅबलवर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर: अबिलिटीमध्ये बि, इलेक्ट्रिसिटीमध्ये ट्रि. "लॉजी", "ग्राफी", "मेट्री" यांच्यात जोर त्या जोडणाऱ्या ओ वर येतो, बायॉलॉजीमध्ये ऑ, जिऑग्राफीमध्ये ऑ.

दुसऱ्या गटाला जोराशी काही देणंघेणं नाही: मेंट, नेस, शिप, फुल, लेस, हुड. ते येऊन चिकटतात, जोर होता तिथेच राहतो. डेव्हलपमधला जोर व्हे वर, म्हणून डेव्हलपमेंटमध्येही व्हे वरच. तिसरा गट छोटा, तो जोर स्वतःवरच घेतो, जसं एम्प्लॉयी मधला शेवटचा ई, इंजिनिअर मधला निअर, जॅपनीज मधला नीज. मराठीत आपण इंजिनिअर सपाट म्हणतो आणि मराठीत ते बरोबरच आहे, पण इंग्रजीत बोलताना शेवटचा तुकडा उचलावा लागतो. कमिटीला मात्र या गटात टाकू नका, शेवटी डबल ई असूनही तिथे जोर मि वरच.

एवढे प्रत्यय माहीत असले की शब्द पूर्वी कधी ऐकलेला नसला तरी जोर बहुतेक वेळा अचूक सापडतो. म्हणूनच मी म्हणते शेपटी आधी बघा.

फोटोग्राफ हे कुटुंब मोठ्याने म्हणून बघा, नुसतं वाचू नका. फोटोग्राफ: फो-ट-ग्राफ्. फोटोग्राफी: फ-टॉ-ग्र-फी. फोटोग्राफिक: फो-ट-ग्रॅ-फिक्. मूळ एकच, स्पेलिंगचा पहिला भाग तोच, पण प्रत्यय बदलला की जोर एकेक घर पुढे सरकतो आणि जिथून जोर निघून जातो त्या स्वराचा बहुतेक वेळा अ होतो. ओ चा अ, आ चा अ. हा बारीक अ म्हणजे श्वा, इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर.

आणि इथेच देवनागरी दगा देते. मोजायला ती इतकी छान, पण आपण फोटोग्राफी असं लिहिलं की ओ, ओ, आ, ई असे चारही स्वर टणक होऊन बसतात आणि मग आपण तसेच म्हणतो. म्हणून जोर सापडल्यावर शब्द पुन्हा एकदा लिहा, जोराचा सिलॅबल ठळक करून, बाकीच्यातले जे स्वर मेलेत त्यांच्या मात्रा काढून टाका. फ-टॉ-ग्र-फी. वहीत असं लिहिलेलं विचित्र दिसतं पण जिभेला बरोबर रस्ता दाखवतं.

लांब शब्दात एका जोराने भागत नाही, अजून एखादा दुय्यम जोर लागतो, नाहीतर आठ सिलॅबल एका दमात कसे काढणार. तो शोधायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचा शब्द आठवा, त्याच्यात जो मुख्य जोर होता तो बहुतेक वेळा आता दुय्यम होऊन तिथेच बसलेला असतो. रिस्पॉन्सिबलमध्ये जोर स्पॉ वर. इटी लागला, रिस्पॉन्सिबिलिटी झालं, मुख्य जोर बि वर गेला, पण स्पॉ पूर्ण विझला नाही: रि-स्पॉन्-स-बि-ल-टी. डिक्शनरीत मुख्य जोराला वर छोटी उभी रेघ असते आणि दुय्यमला खाली. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत ही रेघ सिलॅबलच्या आधी येते, म्हणजे रेघेनंतरचा तुकडा जोराचा. काही अमेरिकन डिक्शनऱ्यांत मात्र खूण नंतर येते, तेव्हा नवीन डिक्शनरी हातात घेतली की आधी एखादा ओळखीचा शब्द काढून खूण कुठे आहे ते तपासा.

अर्थाचे तुकडे

आता आपला २० लेटरवाला शब्द अर्थाने फोडू. आतून बाहेर जायचं. सगळ्यात आत नेशन. त्याला अल लागला, नॅशनल. पुढे इंटर बसला, इंटरनॅशनल. मग आइझ, म्हणजे "तसं करणे", इंटरनॅशनलाइझ, हे क्रियापद झालं. शेवटी एशन, क्रियापदाचं पुन्हा नाम. प्रत्येक पायरीवर खराखुरा शब्द उभा राहिला पाहिजे, नाही राहिला तर कुठेतरी चुकीच्या क्रमाने फोडलंय असं समजा.

आता शेजारी मराठी शब्द ठेवा: आंतरराष्ट्रीयीकरण. राष्ट्र, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीयीकरण. नेशनला राष्ट्र, अलला ईय, इंटरला आंतर, आइझ आणि एशन मिळून ईकरण. बांधणी पायरीला पायरी जुळते. मी हे फळ्यावर एकाखाली एक लिहिते तेव्हा वर्गाचा चेहरा बदलतो, कारण ज्या शब्दाची भीती वाटत होती तो आपल्याच घरच्या पद्धतीने बांधलेला निघतो. आणि इंटर हा लॅटिन शब्द आणि संस्कृतातला अन्तर् हे मुळात सख्खे नातेवाईक आहेत. नेशन ज्या लॅटिन धातूतून आला त्याचा अर्थ जन्माला येणे, आणि तो आपल्या जन्, जन्म, जाती यांच्याच कुळातला.

इंटरनॅशनल हा शब्द जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने घडवला, त्याचं १७८० मध्ये छापलेलं आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेलं कायद्यावरचं पुस्तक आहे त्यात तो येतो. देशादेशांमधल्या कायद्यासाठी त्याला नेमका शब्द हवा होता, तुकडे भाषेत होतेच, त्याने जोडले. आज तो इतका रोजचा झालाय की कोणीतरी बसून बनवलेला आहे हे खरं वाटत नाही.

जोराचं काय होतं तेही याच पायऱ्यांवर बघा. नेशन, जोर ने वर. नॅशनल, जोर तिथेच पण ने चा नॅ झाला. इंटरनॅशनल, जोर नॅ वर. इंटरनॅशनलाइझ, अजूनही नॅ. एशन लागला आणि जोर उडी मारून झे वर गेला, नॅ आणि सुरुवातीचा इन् दुय्यम जोर घेऊन मागे राहिले: इन्-ट-नॅ-श-न-लाय्-झे-शन्, तिन्हींत झे सगळ्यात उंच. ब्रिटिश लोक लाय् म्हणतात, अमेरिकन तिथे नुसतं ल करून टाकतात.

ने चा नॅ का झाला? शेपटी वाढली की मूळ शब्दातला लांब स्वर आखूड होतो, ही इंग्रजीची जुनी खोड आहे. नेचर पण नॅचरल, सेन पण सॅनिटी, डिव्हाइन पण डिव्हिनिटी. पूर्वी या जोड्यांत एकाच स्वराचं लांब आणि आखूड रूप होतं, पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर सरकत सरकत बदलले आणि आखूड मात्र जवळपास जागेवर राहिले, म्हणून आज ऐकायला दोन वेगळेच स्वर वाटतात. स्पेलिंग तेच राहिलं, आणि त्याचा फायदाच आहे, नाहीतर नेशन आणि नॅशनल एका घरातले आहेत हे डोळ्यांना कळलंच नसतं.

आता दोन्ही फोडी एकमेकींवर ठेवा. अर्थाचे सांधे चार: इंटर | नेशन | अल | आइझ | एशन. आवाजाचे तुकडे: इन्-टर्-नॅ-श-न-लाय्-झे-शन्. पहिला सांधा जुळतो, टर् नंतर नॅ. पुढे नेशनचा शेवटचा न पुढच्या स्वराने पळवला, अलचा ल लाय् मध्ये गेला, आइझचा झ झे मध्ये गेला. चारातला एकच जुळला. म्हणून म्हणते, एका कागदावर दोन ओळी काढा, वरची आवाजाची, खालची अर्थाची, आणि त्या जुळवायचा हट्ट करू नका.

हेलिकॉप्टरवरून हे अजून स्पष्ट होईल. आवाजाने हे-लि-कॉप्-टर्, जोर हे वर. लोकांना वाटतं हेली आणि कॉप्टर असे दोन तुकडे असतील, आणि त्या समजुतीतूनच हेलिपोर्ट, हेलिपॅड असे शब्द आले. पण १८६१ मध्ये फ्रेंचमध्ये हा शब्द बनला तो ग्रीक हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं वळणारं आणि प्टेरॉन म्हणजे पंख यांच्यापासून. म्हणजे अर्थाचा सांधा प च्या आधी आहे, आणि आवाज नेमका प आणि ट च्या मध्ये तुटतो. कारण उघड आहे, "प्ट" ने इंग्रजीत कुठलाच सिलॅबल सुरू होत नाही. टेरोडॅक्टिल या पंखवाल्या प्राण्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला तोच पी आहे आणि तिथे तो गप्प बसतो.

तुकडा खरा की भास हे तपासायला एकच प्रश्न विचारा: हाच तुकडा याच अर्थाने दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडतो का आणि तो काढल्यावर उरलेल्याला अर्थ राहतो का? टीचरमधून अर काढा, टीच उरतं. कॉर्नरमधून काढला तर कॉर्न उरतं, पण कोपऱ्याचा मक्याशी काय संबंध, म्हणून तिथे तुकडा पाडायचा नाही.

वैद्यकीय शब्द दिसायला सगळ्यात भयानक आणि फोडायला सगळ्यात सोपे असतात, कारण ते मुद्दाम जोडून केलेले आहेत. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी: ओटो कान, रायनो नाक, लॅरिंग स्वरयंत्र, लॉजी शास्त्र. तोच आपला ईएनटी. शेवटी लॉजी आहे म्हणजे जोर कुठे ते आता विचारायलाच नको, गॉ वर.

एक शब्द तुम्हीच करा, कॅरॅक्टरायझेशन. आधी शेपटी झाका आणि ती कुठली ते ओळखा, मग हनुवटीखाली हात, मग दोन ओळी. उत्तर असं यायला पाहिजे: सिलॅबल सहा, मुख्य जोर झे वर, दुय्यम पहिल्या कॅ वर, कारण कॅरॅक्टरमध्ये जोर तिथे होता. मधला रॅ मेला, त्याचा रिक् किंवा रक् झाला: कॅ-रक्-ट-राय्-झे-शन्. अर्थाचे सांधे दोन, कॅरॅक्टर | आइझ | एशन, आणि यावेळी आवाजाशी एकही जुळत नाही, र राय् मध्ये गेला, झ झे मध्ये. तीन वेळा सावकाश म्हणा, चौथ्यांदा फक्त कॅ आणि झे वर टेबलावर बोट आपटा आणि बाकीचे सिलॅबल त्या दोन आपटण्यांच्या मध्ये बसतील तसे पळू द्या.